शेजारची ओळ

माझ्या बायकोला कोणी नवं बियाणं दिलं तर ती सगळा वाफा त्याला कधीच देत नाही. मग ते शेती खात्याकडून आलेलं असो, नाहीतर तिच्या सख्ख्या भावानं पेडण्याहून आणलेलं असो. एक ओळ नव्या अळसांद्यांची, म्हणजे आमच्याकडच्या टपोऱ्या चवळीची, आणि तिला लागून एक ओळ घरच्या जुन्या अळसांद्यांची. पाणी तेच, शेणखत तेच, ऊनही तेच. मग दोन महिने ती रोज दोन्ही ओळींकडे बघते आणि काही बोलत नाही. नवं लग्न झालं होतं तेव्हा मी तिची थट्टा करायचो. म्हणायचो, सरकारवर विश्वास नाही तर नाही, निदान भावावर तरी ठेव. ती म्हणायची, "इश्वास आसा. पण शेजारची ओळ नसली तर नव्यान काय केल्यान, ता कळतला कसा?"

मी कारापूरच्या मराठी शाळेत मास्तर. घर मये गावात, तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर. बायको दहावी पास, मी बी.एड. हा फरक मी संसारात बरीच वर्षं पुरवून पुरवून वापरला. आज लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

आम्हाला एकच मुलगी. घरात आणि वाड्यावर सगळे तिला बाय म्हणतात. बाय पाच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, हाक मारली तर वळत नव्हती, डोळ्याला डोळा देत नव्हती. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तीन वेळा बोलावून नीट पाहिलं आणि ऑटिझम आहे म्हणून सांगितलं. हा रोग नव्हे, याला औषध नाही, ती अशीच आहे आणि अशीच शिकेल, तिची रीत तुम्ही ओळखा, असं त्या म्हणाल्या. चित्रांच्या कार्डांवरून तिला काय हवं ते कसं विचारायचं, हे त्यांनी माझ्या बायकोला शिकवलं. मला मात्र त्यांचा भयंकर राग आला. एवढ्या लांब जायचं आणि साधी गोळीसुद्धा लिहून देत नाहीत म्हणजे काय! खरं बोलणाऱ्या माणसाचा राग मला आधी येतो आणि त्याचं बोलणं मग कळतं.

बायची सकाळ पोदेराच्या भोंग्यानं सुरू व्हायची. पोदेर म्हणजे आमच्याकडचा पाववाला. सायकलच्या मागं मोठी टोपली, वर प्लास्टिक, आणि हँडलला रबरी भोंगा. वळणावर पों पों झालं की बाय असेल तिथून उठायची, खुंटीवरची कापडी पिशवी घ्यायची आणि फाटकाशी उभी राहायची. पोदेर टोपली उघडायचा. ती चार पोयी, म्हणजे कोंडा लावलेले गव्हाचे गोल पाव, घ्यायची, एक एक नाकाशी धरून. मग त्यातली गरम पोय गालाला लावून डोळे मिटायची. शेवटी दोनदा भोंगा वाजवायची. त्या भल्या माणसाला अजून अर्धा गाव फिरायचा असायचा, पण बायचा दुसरा भोंगा वाजल्याशिवाय त्यानं कधी पेडलवर पाय ठेवला नाही.

बाय आठ वर्षांची असताना डिचोलीत एका ट्रस्टचं शिबिर झालं. फलकावर कोड्यातला एक तुकडा गळून पडलेला, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'ऑटिझमविरुद्ध लढा'. बायकोनं फलक वाचला आणि मला विचारलं, "झूज कोणाकडे? बायकडे?" मी तिला गप्प केलं.

पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरांनी तासभर भाषण केलं. ते कसले डॉक्टर, हे मी विचारलं नाही. शाळेत मुलाच्या दाखल्यावरचा शिक्का तीनदा तपासून बघणारा मी, तिथं काही तपासलं नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ती माझ्याकडे त्या दिवशी अजिबात नव्हती. डॉक्टर म्हणाले, गव्हातलं चिकट सत्त्व मेंदूवर धुकं धरतं. गहू बंद, दूध बंद, शरीरातले विषारी धातू काढणारे थेंब चालू. सहा महिन्यांत मुलगी नजरेला नजर देईल, वर्षात बोलेल. बऱ्या झालेल्या तीन मुलांना त्यांनी मंचावर आणलं आणि सगळ्या आयांनी डोळे पुसले. मीही पुसले.

गहू बंद म्हटल्यावर मला तर हसूच आलं. आपण पडलो भातखाऊ! सकाळी पेज, दुपारी शीत म्हणजे भात आणि माशांचं हुमण, रात्री पुन्हा शीत. गहू सोडायला आपल्याला काय लागतं? पंजाबात जन्मलो असतो तर गोष्ट वेगळी. माझ्या हुशारीची धाव इथवरच होती.

बायको नको म्हणाली नाही. तिनं कशालाच करून बघायच्या आधी नको म्हटलेलं नाही. पण थेंब घालायला ती तयार झाली नाही. "बाटलेर काय आसा ता लिवलेला नाय. एका टायमार एकच गोष्ट बघूया," म्हणाली. गहू आणि दूध तिनं बंद केलं, पण सकाळ बंद केली नाही. भोंगा वाजला की बाय पूर्वीसारखी फाटकाशी जायची, पोयी हुंगायची, गालाला लावायची, दोनदा भोंगा वाजवायची. मग पिशवी शेजारच्या घरी पोचवायची आणि घरी येऊन तांदळाची भाकरी खायची. पहिले दोन दिवस ती रडली, तिसऱ्या दिवशी निवळली. मला तेव्हा हे लाड वाटले. आज कळतं की बायला पोय खायला नव्हे, सकाळ म्हणून हवी होती, आणि हे घरात फक्त तिच्या आईला कळलं होतं.

सहा आठवडे झाले. फरक शून्य. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, घरात पाव दिसतोय, वास येतोय, शिस्त कुठाय? आणि आणखी एक गोष्ट म्हणाले. दुसऱ्या टप्प्यासाठी ट्रस्ट काही मुलं निवडणार होता. पाठीच्या कण्यात इंजेक्शन द्यायची, परराज्यातल्या दवाखान्यात, सगळं ट्रस्ट करणार. त्यासाठी मुलीची अवस्था किती बिकट आहे ते दिसेल असा एक व्हिडिओ पाठवा.

नेमके त्याच आठवड्यात माझे सासरे आजारी पडले आणि बायको तीन दिवस माहेरी गेली. मी शिस्त लावायची ठरवली. दाराला वरच्या बाजूला, बायचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, नवी कडी ठोकली. सकाळी पों पों झालं. बाय पिशवी घेऊन दाराशी आली. दार उघडेना. तिनं दार ढकललं, डोकं आपटलं, जमिनीवर पडून किंचाळली. बाहेर पोदेर थांबून राहिला होता. त्यानं हाक दिली, "मास्तर, बाय खंय आसा? बरें ना तिका?" मी आतून ओरडलो, बरी आहे, तू जा. आणि मोबाइल काढून व्हिडिओ केला.

हे मी केलं. माझ्या स्वतःच्या मुलीच्या बाबतीत, माझ्या या हातांनी. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला शाळेच्या अंगणात उभा फोडला असता.

बायको परत आली तेव्हा भोंगा वाजूनही बाय जागची हलत नव्हती. पिशवी खुंटीला तशीच. मी फुशारकीनं म्हटलं, बघ, पाव विसरली, गुण येतोय. फॉर्मवर सहीसुद्धा करून टाकलीय म्हणालो. तिनं बायकडे बघितलं, वर कडीकडे बघितलं. ओळींकडे बघते तशी.

पुढच्या रविवारी डिचोलीच्या सभागृहात ट्रस्टचा कार्यक्रम होता. देणगीदार पुढच्या रांगेत, आम्ही पालक मागं. बायला आम्ही तिच्या मावशीकडे ठेवलं होतं. दिवे घालवून पडद्यावर व्हिडिओ लावला. माझी बाय, भिंतीएवढी मोठी, जमिनीवर पडून किंचाळणारी. खाली अक्षरं: 'उपचारांपूर्वी'. त्यावर रडकं व्हायोलिन. डॉक्टरांनी हळव्या आवाजात सांगितलं, या मुलीला पावाचं वेड होतं, आपल्या आहारामुळं ते पार गेलं, आता तिची दुसऱ्या टप्प्यासाठी निवड झाली आहे. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबायच्या आत बायको उभी राहिली. दहा माणसांत पाणी मागायलाही संकोचणारी बाई ती. पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला आणि तिथूनच, माईक न घेता बोलली.

"दोतोर, त्या दिसा तुमी गुण इलेली तीन पोरां दाखवलास. ज्यांका गुण येवंक नाय ती खंय आसत? माका ती बघूची आसत."

डॉक्टर हसून म्हणाले, "ताई, आपण सकारात्मक राहू या."

"ऱ्हवतंय. पण शेजारची ओळ खंय आसा ता सांगा. आणि ता परत लावा. आवाज आयका."

कोणी परत लावलं नाही. पण लावायची गरज नव्हती. मी ऐकलं होतं. व्हायोलिनच्या खाली, बायच्या किंकाळीच्या मागं, दारापलीकडून पों पों.

"तो आमच्या पोदेराचो भोंगो," ती म्हणाली. "ह्या उपचारापयलां नाय, उपचार चालू असतानाचा. माझा चेडू दुखण्यान रडणा नाय. दार बंद केलेला, म्हणान रडता. दार उगडला की तेचो रोग बरो!"

दार कोणी बंद केलं ते ती बोलली नाही. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. हजार शिव्या खाल्ल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

डॉक्टरांचा हळवा आवाज गेला. फॉर्मवर वडिलांची सही आहे, म्हणाले, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठलो. म्हटलं, "सही माझी आहे. व्हिडिओही मीच केला आणि दारही मीच लावलं. फॉर्म परत द्या." मंचापर्यंत चालत गेलो आणि तो कागद हातात घेतला. वर्गात वीस वर्षं मोठ्यानं बोललो असेन, पण तेवढं खरं एकदाही बोललो नव्हतो.

परतताना शेवटच्या रांगेतून आवाज आला. सिंधुदुर्गातून खाणीवर ट्रक चालवायला आलेला एक माणूस होता, मांडीवर दहा-बारा वर्षांचा मुलगा. तो बसल्या जागेवरूनच म्हणाला, "वयनी, आमच्या झिलाकय कायच झाला नाय. दोन वर्सां थेंब घालतंय. पण आमका विचारल्यानी नाय कोणी." मग आणखी एका आईनं हात वर केला. बायको मागं वळून त्यांच्याकडे बघत राहिली. तिला शेजारची ओळ सापडली होती, आणि तिचा चेहरा रडवेला झाला होता.

घरी येताना बसमध्ये ती एवढंच बोलली. "सगळीच वायट नसतली. पण जो मांडून दाखवता, तेका काय लपयला ता विचारूकच जाय." एवढ्या वर्षांत मी मुलांना विज्ञान शिकवलं. विज्ञान माझ्या शेजारच्या सीटवर बसलं होतं, मांडीवर पिशवी घेऊन.

दुसऱ्या दिवशी मी दार सताड उघडं ठेवलं. भोंगा वाजला. बाय उठली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पोदेर दोन्ही दिवस फाटकाशी थांबला, स्वतःच दोनदा भोंगा वाजवून गेला. मी बायकोला म्हटलं, तू तिला हाताला धरून ने ना. ती म्हणाली, "दार तुमी लावलास. तुमीच दाराकडे उबे ऱ्हवा."

तिसऱ्या दिवशी मी उभा राहिलो. पों पों झालं. बाय उठली, पिशवी घेतली, दारापर्यंत आली आणि उंबऱ्याशी थांबली. मग तिनं मान वर केली आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. मी तिला जाऊ देणार की नाही, ते बघत होती.

सहा महिन्यांत नजरेला नजर देईल, असं डॉक्टर म्हणाले होते. दोन महिन्यांत दिली. मी बाजूला झालो. ती गेली. आणि मी पेचकस आणून ती कडी उखडून काढली.

बाय आता पंधरा वर्षांची आहे. बोलत नाही. कार्डं दाखवून हवं ते मागते, आईबरोबर अळसांद्यांच्या ओळी लावते आणि माझ्यापेक्षा सरळ लावते. चौकटीवर कडीच्या खिळ्यांची भोकं अजून आहेत, मी ती बुजवलेली नाहीत. सकाळी भोंगा वाजला की ती पिशवी घेऊन माझ्या अंगावरून फाटकाकडे जाते. माझ्याकडे बघत नाही. तिनं बघितलं नाही की माझा दिवस बरा जातो.