गायकवाडबाईंचं कुलूप

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या माणसांसमोर मी दर शनिवारी मन मोकळं करतो त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि लपवण्याचाही आता कंटाळा आलाय.

निवृत्तीनंतर वर्षभरात माझं काहीतरी बिघडलं. सकाळी पेपर मांडीवर घेऊन बसायचो. दुपारी तो तसाच, पहिल्याच पानावर. दाढी करताना रडू यायचं. कारण? — असतं तर सांगितलं असतं. रक्ताचे, छातीचे सगळे रिपोर्ट उत्तम. शेवटी आमच्या डॉक्टरांनी मुलुंड पूर्वेला, एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यावरच्या खोलीत पाठवलं. ग्रुप थेरपी म्हणे. गोलात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, सात-आठ अनोळखी माणसं, मधे टिशूचा डबा. आयुष्यभर सभा-समारंभांना नाक मुरडत आलो. हा त्यातलाच एक, फक्त हार-तुरे नसलेला, असं ठरवूनच गेलो.

तीन शनिवार तोंड उघडलं नाही. चौथ्या शनिवारी गायकवाडबाई बोलल्या. भांडुपहून यायच्या, टपाल खात्यात नोकरी. घराला कुलूप लावून निघाल्या की अर्ध्या वाटेतून परत यायच्या — कधी तीनदा, कधी पाचदा. कुलपाला थोपटून विचारायच्या, "बंद आहेस ना रे राजा?" सांगताना त्यांचा आवाज थरथरत होता. कुणी हसलं नाही. आणि का कोण जाणे, त्यांच्यामागून मी बोललो — दाढीचं.

"मग कापत नाही का हो तुम्हाला?" त्यांनी विचारलं. अगदी काळजीने.

सगळे हसले. मीसुद्धा, वर्षभरात पहिल्यांदा. त्या हसण्याने जे केलं ते गोळ्यांनी केलं नव्हतं. हे मान्य करणं माझ्यासारख्याला जड जातं, पण खरं आहे. त्या आठवड्यात मी पेपर आतल्या पानांपर्यंत वाचला.

त्या खोलीचा नियम एकच होता — इथलं इथेच.

पुढे आमच्या सोसायटीचा रौप्यमहोत्सव आला. शाली तयार, नारळ तयार, प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही. सेक्रेटरी धावत आला. "काका, तुम्ही घ्या ना जरा माइक. पब्लिक उठायला लागलंय." घेतला. आधी शालींवर बोललो, कुणी हसेना. मग म्हणालो, "माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत —"

नाव घेतलं नाही. तेवढी सभ्यता पाळली, असं तेव्हा वाटलं. कुलूप केलं, थोपटणं केलं, त्यांचा तो थरथरता आवाजही केला. मंडप हसून लोळला. नंतर आठवडाभर लिफ्टमध्ये लोक एकमेकांना "बंद आहेस ना रे राजा?" विचारत होते, आणि मला — हेही सांगून टाकतो — फार बरं वाटत होतं.

महिनाभराने एका शनिवारी गायकवाडबाई आल्या, पण बसल्या नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

"काल भाचीने मला एक जोक सांगितला. तिला मैत्रिणीने सांगितलेला. कुलपाचा. मी पण हसले. काय करणार?"

सगळ्यांच्या नजरा सुहासकडे गेल्या. विम्याचा एजंट, बडबड्या, गटात सगळ्यांत नवा. "आईशपथ, मी नाही हो बाई!" तो म्हणाला, आणि इतका गोरामोरा झाला की खोटारडाच वाटला. गट चालवणाऱ्या डॉक्टरताईंनी विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" मी टिशूच्या डब्याकडे बघत होतो. किती शब्द लागले असते? दोन. "मी सांगितलं." वर्षभर त्याच खुर्चीत बसून मी खरं बोलायला शिकत होतो, नाही का?

बाई गेल्या. पुढच्या शनिवारी सुहासही आला नाही.

गटात पद्धत अशी, की न आलेल्याची खुर्ची तीन शनिवार रिकामी ठेवायची. आम्ही दोन खुर्च्या तशा ठेवल्या. मग डॉक्टरताई म्हणाल्या, "काका, तुम्ही जवळ आहात, उचलता का त्या?" उचलल्या. एकात एक घालून कोपऱ्यात ठेवल्या आणि गोल जरा लहान केला.

मुलुंडहून भांडुप दोन स्टेशनं. मी गेलो नाही.

मी अजून दर शनिवारी जातो. गटाने मला बरं केलं. कुणी विचारलं तर जा म्हणून सांगतो, मनापासून सांगतो. पेपर आता शेवटच्या पानापर्यंत वाचतो. दाढी करताना रडू येत नाही, हात स्थिर असतो.

कापत नाही.