दादाच्या पिकअपची डावी बाजू

गॅरेजात त्याला सगळे गुण्या म्हणत. सुताराचा काटकोन तपासायचा गुण्या जसा वाकडं असेल ते वाकडंच दाखवतो, तसा हा माणूस. कुणाच्या घरी गेला तरी आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करणार, मग बूड टेकणार. बायकोच्या डोक्याला तो ताप होता, पण पिकअप गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या कामात हाच चक्रमपणा उपयोगी पडायचा.

त्याची पद्धत ठरलेली. गाडी सपाट फरशीवर घ्यायची, चारी चाकांची हवा बघायची, बंपर धरून पुढचं अंग दाबून सोडायचं म्हणजे गाडी आपल्या मूळ बैठकीत येते. मग दोन्ही बाजूंची उंची टेपने मोजायची. उंची सारखी नसेल तर अलाइनमेंटला हात लावायचा नाही, कारण आज सरळ केलेली चाकं उद्या पुन्हा तिरकी होतात. आणि एक बाजू बसली असेल, तर का बसली हे आधी शोधायचं. पुढचा भार पेलणारा जो लोखंडी दांडा असतो, त्याचा बोल्ट आवळला की बसलेली बाजू मुकाट वर येते. दुखणं मात्र आत तसंच राहतं. हे तो इतक्या वेळा सांगायचा की ऐकणाऱ्यांचे कान किटून जायचे.

थोरल्या भावाची पिकअप आली आणि हे सगळं शहाणपण खुंटीला टांगलं गेलं. दादा माल वाहायचा. गाडी डावीकडे ओढते, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मागे शिलाई मशीन दोरीने करकचून बांधलेलं, ते लेकीकडे पोचवायचं होतं. वहिनी पुढच्या सीटवर ठाण मांडून बसलेली. उतरा म्हटलं तर म्हणाली, माझ्याच वजनाने बसली असेल ही बाजू, भावजी, तेवढं वजा करून मोजा. सगळे हसले, मग उतरली.

डावी बाजू चांगली दोन बोटं खाली होती. तो दांडा मागे ज्या ब्रॅकेटात अडकवलेला असतो, तिथे चिखलाचा थर वाळून दगड झाला होता. तो खरवडून, दिवा धरून बघायला हवं होतं. पण दादा सारखा घड्याळ बघत होता. घरचीच तर गाडी, परत आली की बघू, असं मनाशी म्हणत गुण्याने बोल्ट आवळला. बाजू वर आली. चाकं सरळ झाली. दादा एक फेरी मारून आला, खूश झाला, आणि दोघं निघून गेले.

पुढे सरळ रस्ता, गर्दी नाही, काही नाही. गाडी एकाएकी डावीकडे गेली आणि पुलाच्या कठड्यावर आदळली. वहिनी जागच्या जागी गेली. दादाला नुसतं खरचटलं. त्याला मधलं काहीच आठवेना. आदल्या रात्रभर गाडी चालवली होती, म्हणजे आपल्याला डुलकी लागली, असं त्याने स्वतःच ठरवलं आणि पोलिसांना, नातेवाइकांना, लेकीला तेच सांगितलं. लेक बापाशी बोलायची बंद झाली.

चेपलेली गाडी ओढून आणली तेव्हा गुण्या एकटाच तिच्याखाली शिरला. ब्रॅकेट फाटलं होतं. फाटलेल्या कडेचा अर्धा भाग गंजून काळा पडलेला, म्हणजे चीर जुनी. उरलेला भाग चकचकीत, त्या दिवशीचा. गाडी नजरेसमोर नको, असं दादा म्हणत होताच. गुण्याला तेवढं निमित्त पुरलं. कुणाला काही न दाखवता त्याने ती भंगारात घालवली. भित्रा कुठला!

दादा झोपेलाच घाबरायला लागला. पाठ टेकली की दचकून उठायचा, मग खुर्चीत ताठ बसून राहायचा. गाल आत गेले, कपडे अंगावर लोंबायला लागले. शेवटी गुण्याला ते बघवेना. एका सकाळी तो खुर्चीसमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "दादा, तुला डुलकी लागली नव्हती. ब्रॅकेट आधीच चिरलेलं होतं. मी न बघता बोल्ट आवळला. वहिनी माझ्यामुळे गेली."

"तू? न बघता?" दादा म्हणाला, आणि अपघातानंतर पहिल्यांदाच हसला. "लहानपणापासून माझ्या वाटचा मार खात आलास. हे नको रे अंगावर घेऊस."

गुण्याने शपथा घेतल्या, रडला, पण दादा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. गुण्या तसाच उठून पुतणीकडे गेला. तिने दारातच सगळं ऐकून घेतलं, एका शब्दानेही न अडवता.

"ते ब्रॅकेट कुठे आहे, काका?"

भंगारात गेलं, तो म्हणाला. ते आपणच पाठवलं, हेही त्याला सांगावं लागलं.

"बाबांना सांगा, स्वतःची डुलकी झाकायला निदान तुम्हाला तरी यात ओढू नका म्हणावं," ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.