अकरा निळे ठिपके

जोलीन प्रुएट लग्नाआधी चौदा घरांत राहिली, आणि त्यातलं एकही तिच्या बापाचं नव्हतं. घरमालकाचा फोन आला की आई मुकाट्यानं भांडी गुंडाळायला घ्यायची. पुढे फ्रेझ्नो शहरात शाळेच्या बसगाड्यांची वेळापत्रकं लावण्यात सव्वीस वर्षं गेली, लग्न झालं, मोडलं, तरी एक गोष्ट तिच्या मनात ठाण मांडून होती. जिथून आपल्याला कोणी ‘ऊठ’ म्हणणार नाही अशी जमीन हवी. तिथं कोंबड्या, बटाटे आणि आपण.

नेवाडातल्या ड्राय फोर्क काउंटीत तशी चाळीस एकर विकायला निघाली. आणखी एक गिऱ्हाईक होतं, म्हणून मालकानं शनिवारी दुपारी बारापर्यंत मुदत दिली. जोलीन गुरुवारी सकाळीच पोचली.

सोबत वही होती. रस्ता, दवाखाना, हिवाळा, शेजार, पाणी असे रकाने, प्रत्येकाला दहापैकी गुण. पाण्याला तिनं घरबसल्याच नऊ देऊन टाकले होते. सरकारी नकाशावर प्रत्येक बोअरचा एक निळा ठिपका असतो, आणि या चाळीस एकरांना लागून तब्बल अकरा ठिपके होते. जिथं अकरा बोअर, तिथं पाण्याला काय तोटा?

जमीन-नोंदणीच्या खिडकीत पांढऱ्या वेणीची एक बाई बसली होती. टेबलावर पाटी होती, हेस्टर लूमिस.

“तिकडं पाणी कसं आहे?” जोलीननं विचारलं.

“या खिडकीतून पाण्याबद्दल बोलता येत नाही, बाई. कागद हवे तर देते.”

“बरं, हिवाळ्यात रस्ता?”

“बंद होत नाही.”

जोलीननं रस्त्याला आठ दिले. दुपारी ती पोस्टात गेली, तर तिथं तीच वेणी. अंगात फक्त जाकीट वेगळं.

“सकाळी तुम्हीच होता ना?”

“सकाळी मी जमीन होते. आता टपाल आहे.”

“मग टपाल म्हणून सांगा. हिवाळ्यात तिकडं पत्रं पोचतात?”

“सहा-सहा आठवडे नाही पोचत.”

“अहो, रस्ता बंद होत नाही म्हणालात.”

“नाहीच होत. दिसत नाही फक्त.” हेस्टरनं शिक्का मारला. “त्या बाजूला पार्सलं मात्र जड जातात. पंप, पाइप, परत पंप.”

जोलीननं ‘पंप मिळतात’ असं लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं. हे चांगलं की वाईट, तिला ठरवता येईना.

शुक्रवारी तिनं जमीन पाहिली. झुडपं, वारा, आणि शेजारी एकच चाकांवरचं घर. त्याच्याभोवती जमिनीतून अकरा लोखंडी पाइप वर आलेले. घरातून लंगडत एक म्हातारा बाहेर आला. त्याचं नाव व्हर्ल स्टॅगर.

“हे बोअर कोणाकोणाचे?” जोलीननं विचारलं.

“माझेच.”

“अकराच्या अकरा?”

“पहिल्याला पाणी लागलं असतं तर दुसरा मारायला मला काय वेड लागलंय?”

जोलीननं वही उघडली. नऊवर काट मारली. “म्हणजे इथं पाणीच नाही.”

“आहे की. शुक्रवारी असतं.” त्यानं जुन्या पिकअपकडं बोट दाखवलं. मागं मोठी टाकी बांधलेली होती. “चला, हात रिकामे असतील तर नळी धरायला उपयोगी पडाल.”

गावात अग्निशमन केंद्राच्या नळापुढं टाक्या लादलेल्या सोळा पिकअप रांगेत उभ्या होत्या. कोणी बीन्सची पातेली आणली होती, कोणी बोनेटवर पत्ते मांडले होते. नळावर हेस्टर, अंगात पिवळा कोट.

“आता तुम्ही आग का?” जोलीन म्हणाली.

“आता कुठं हिला समजायला लागलं.” हेस्टर हसली. “व्हर्ल, तुझी टाकी गळतेय.”

“मी पण गळतोय. मला कोणी सांधत नाही.”

“तुला सांधलंय की फेब्रुवारीत.” ती जोलीनकडं वळली. “हा मांडीचं हाड मोडून घरात पडला होता. रस्ता दिसो न दिसो, शुक्रवार कोणी चुकवत नाही. हा एका शुक्रवारी रांगेत आला नाही, लगेच आम्ही बर्फ कापत गेलो. आमच्याकडं तशीच रीत आहे.”

“बोअरला पाणी लागलं असतं,” व्हर्ल म्हणाला, “तर मी एप्रिलमध्ये, बर्फ वितळल्यावर सापडलो असतो.”

जोलीन नळी धरून उभी राहिली. पाण्याला शून्य द्यावं, तर शेजाराला किती द्यायचे? आणि हे दोन्ही एकाच रकान्यातलं असेल तर? बसगाड्यांच्या वेळापत्रकात असलं काही कधी आलं नव्हतं.

“सतरावा नंबर रिकामा आहे,” हेस्टर म्हणाली. “नाव घालू?”

“अजून जमीन घेतली नाही मी.”

“जमीन कुठं पळतेय? नंबर जाईल.”

जोलीननं नळी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, “घाला.”

शनिवारी अकरा वाजता तिनं पोस्टाच्या पायरीवरून मालकाला फोन लावला. वहीत पाण्याचा रकाना खाडाखोडीनं काळा झाला होता. बेरीज तिनं केलीच नव्हती.

“घेते मी,” ती म्हणाली.

मालक भला माणूस असावा. “पाण्याचं बघितलंत ना, बाई?”

“बघितलं. शुक्रवारी असतं.”

फोन ठेवल्यावर ती तिथंच बसून राहिली. आपण शहाणपणा केला की आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा, हे कोणाला तरी विचारावं असं तिला वाटत होतं. पण शनिवार होता, आणि हेस्टरच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या.