सुकन्याची मिटलेली करंगळी

सुकन्याची आणि माझी पहिली दोन वर्षं भांडणातच गेली. तिसगावजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत मी शिकवते, आणि बोटांवर मोजणारी मुलं मला अजिबात चालत नाहीत. चौथीत आली तरी ही पोरगी बोटं मिटत-उघडत बसायची. मी तिला हात बाकावर ठेवायला लावायचे. ती मुकाट्यानं ठेवायची आणि बाकाखाली पायाची बोटं हलवायची.

ही सवय तिला वडिलांनी लावली होती, हे मला फार उशिरा कळलं. तिचे वडील वाल्मिक विहिरींचे सुरुंग उडवायचे. खडकात भोकं पाडून दारू भरायची, वाती पेटवायच्या आणि दोराला धरून झटकन वर यायचं. सुकन्या सात वर्षांची असल्यापासून लांब बांधावर बसायची. खालून वाल्मिक एकेक वात पेटवताना हाळी द्यायचे, ती एकेक बोट मिटायची. धमाका झाला की एक उघडायची. सगळी बोटं उघडली तरच माणसं विहिरीत उतरत. एक जरी मिटलेलं राहिलं, तर त्या दिवशी काम बंद. विहिरीचा मालक कितीही घाई करो, वाल्मिक आधी पोरीच्या हाताकडे बघायचे.

मागच्या वर्षी इकडची कामं कमी झाली म्हणून ते सरहद्दीजवळच्या एका शहरात डोंगर फोडायच्या कामावर गेले. सुट्टी लागल्यावर त्यांची बायको मनकर्णा सुकन्याला घेऊन तिकडे गेली. मनकर्णाला सातवा महिना होता. मे महिन्यातल्या एका सकाळी, वाल्मिक कामावर असताना, त्या शहरावर उखळी तोफांचे गोळे पडायला लागले.

मजुरांच्या चाळीतली माणसं जिन्याखाली दाटीवाटीनं बसली. कुणी देवाचं, कुणी अल्लाचं नाव घेत होतं. सुकन्या मात्र हात पुढं धरून बसली. गोळा शीळ घालत यायचा, ती बोट मिटायची. फुटला की उघडायची. ती घाबरली नव्हती असं मुळीच नाही. दात वाजत होते, फ्रॉक ओला झाला होता. पण मोजणी चुकली नाही. एवढ्या पोरीला हे कसं जमलं, मला अजून नवल वाटतं.

तासाभरानं सगळं शांत झालं. मनकर्णाच्या घशाला कोरड पडली होती. अंगणातल्या नळावर जायला ती हंडा घेऊन उठली, मागोमाग आणखी दोघी उठल्या. सुकन्या दारात आडवी आली.

"आई, जाऊ नगं. एक फुटला न्हाई," ती म्हणाली आणि मिटलेली करंगळी दाखवली.

मनकर्णानं आधी ढकललं, मग कानाखाली दिली. पोरगी रडली, पण चौकट सोडली नाही. त्या परमुलखातल्या गर्दीत आईखेरीज तिची मराठी समजणारा एकच माणूस होता, शेवगावकडचा ड्रायव्हर चांदभाई. तो खिडकीशी गेला. नळापासून चार हातांवर ओल्या मातीत गोळ्याचं शेपूट वर आलेलं दिसत होतं. त्यानं सगळ्यांना मागं सारलं आणि फोन लावला.

जवान आले, त्यांनी सगळ्यांना मागच्या वाटेनं काढून लांब नेलं. वाल्मिक धावत तिथं पोचले, तर लेक हात हातात घेऊ देईना. संध्याकाळी जवानांनी गोळा जागेवरच उडवला. आवाज ऐकून सुकन्यानं करंगळी उघडली, आणि मग पाणी मागितलं.

हे सगळं मनकर्णानं मला सप्टेंबरच्या पालकसभेत सांगितलं. "बाई, ह्याच हातानं मी तिला मारलं," असं म्हणून ती आपल्या तळहाताकडे बघत राहिली. मी तरी वेगळं काय केलं होतं? दोन वर्षं पोरीचे तेच मोजणारे हात मी बाकावर दाबून ठेवले होते. मी सुकन्याची माफी मागितली, सगळ्यांसमोर.

तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. दोन महिन्यांचा भाऊ तिच्या मांडीवर झोपला होता, मुठी घट्ट आवळून. ती त्याची बोटं एकेक करून हळूच उघडत होती. शेवटी करंगळी सुटली, तेव्हा कुठं तिनं बाळ आईकडे दिलं.