दादाच्या ट्रकखाली आज काय दिसलं

मंडळी, आज सकाळी भांडुपला थोरल्या भावाच्या जुन्या ट्रकखाली वाकायचा योग आला. स्प्रिंगचे पाटे ज्या लोखंडी हँगरवर टांगलेले असतात, ते गंजले म्हणून बदलायचे होते. शेलार मिस्त्रीने हातोडीने हलकेच ठोकलं, तर हातोडी आतच गेली.

"दादा, हे लोखंड नाही, नुसता रंग उरलाय," मिस्त्री म्हणाला.

खरंच होतं. दर दसऱ्याला दादा गाडी धुतो आणि गंजावरूनच काळा ऑइलपेंट फासतो. मग मी, घरातला एकमेव संस्कृतवाला, बॉनेटसमोर उभा राहून मंत्र म्हणतो. आम्ही दोघांनी मिळून तो गंज भक्तिभावाने सांभाळला.

"वेल्डिंग मार ना! उद्या फरशा घेऊन चिपळूणला जायचंय," दादा मिस्त्रीला म्हणाला.

"मारू कशावर? नवे हँगर परवा मिळतील. घाटात पाटा सुटला तर गाडी कलंडेल."

दादा माझ्याकडे वळला. "तू बोल रे, पंडित."

"मिस्त्रीचं ऐक," मी म्हणालो, पण मलाच जेमतेम ऐकू आलं. दादा ट्रक काढून दुसऱ्या वेल्डरकडे गेला.

आता संध्याकाळ झालीय आणि तो फोन उचलत नाही. उद्या वहिनीही केबिनमध्ये बसून माहेरी निघालीय. तिला यातलं काहीच माहीत नाही. मी सांगितलं, तर दादा वर्षभर माझं तोंड बघणार नाही.

तरी चपला घातल्यात. तुम्ही माझ्या जागी असतात, तर वहिनीशी बोलायला सुरुवात कशी केली असती?