नियमशास्त्री

‘कुठं लिहून हाये? दाखवा.’

समोरच्यानं काहीही सांगितलं, तरी आमच्या शेजारच्या टेलर मास्तरचं उत्तर ठरलेलं. उजव्या हाताचं बोट पुढे यायचं. बोटावर शिवणकामाची पितळी टोपी, गळ्यात टेप, आणि चेहरा असा, की सीनाय डोंगरावरून देवाच्या दहा आज्ञांच्या दगडी पाट्या यानंच खाली आणल्या आणि वाटेत घटकाभर मोशेकडे धरायला दिल्या.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. धर्म कोणताही असो, देवाचा मुनीम म्हणून स्वतःची नेमणूक करून घेणारे सगळीकडे सापडतात. आमच्या वाट्याला हा आला होता.

मी तेव्हा दिग्रसला दवाखान्यात नर्स होते. गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं मोजकी. एका भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे मास्तर, त्याची बायको सगुणाबाई आणि मुलगी शालिनी. आधी तो चारचौघांसारखा होता. रविवारी चर्चला यायचा, बेसूर गायचा, नाताळात सगळ्यांच्या पोरांचे कपडे उधार शिवायचा. मग एका उन्हाळ्यात कुठलासा फिरता उपदेशक आला. त्यानं सांगितलं, की तुमचा रविवार चुकीचा, तुमचा नाताळ बायबलात नाही, आणि देवानं नेमून दिलेले सण तुम्ही टाकून दिलेत. उपदेशक दोन जेवणं जेवून पुसदच्या गाडीनं पुढे गेला. मास्तर मात्र तिथंच अडकला.

त्या दिवसापासून शुक्रवारी सूर्य बुडाला की दुकान बंद, ते शनिवारी सूर्य बुडेपर्यंत. कापसाच्या जिनातल्या मजुरांना पगार शनिवारी मिळे. ते कापड घेऊन यायचे आणि बंद फळ्या बघून दुसऱ्या शिंप्याकडे जायचे. रविवारी मात्र मास्तर मुद्दाम दुकान उघडायचा. दुकान चर्चच्या समोर. आत पाद्रीसाहेब देवाच्या दयेवर बोलायचे आणि बाहेरून मशीनचा खर्र खर्र आवाज यायचा. दयेवरचं प्रवचन रंगात आलं की मशीन जास्त जोरात चालायचं. पाद्रीसाहेबांनी त्याला समजावलं, मग चिडले, शेवटी चर्चच्या मंडळीतून त्याचं नाव काढलं. यानं ते एखाद्या पदकासारखं मिरवलं. आम्ही गल्लीतल्यांनी त्याला नाव दिलं, ‘नियमशास्त्री’.

शब्बाथाला, म्हणजे शनिवारच्या या विसाव्याच्या दिवशी, चूल पेटवायची नाही. पण चहाच्या तलफेला शब्बाथ कळत नाही. शनिवारी सकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसायचा.

‘तुमची चूल त पेटूनच हाये, सिस्टर. म्या थोडीच पेटवली?’

‘आणि मी पेटवली त्याचं पाप?’

‘ते तुमच्याकडं,’ असं म्हणून तो बशी पुढे करायचा.

नियम तो पाळायचा, ओझं सगुणाबाई वाहायची. शुक्रवारी दुपारी तिचे हाल बघवत नसत. दोन दिवसांचं पाणी, दोन दिवसांचा स्वयंपाक, झाडलोट, सगळं सूर्य बुडायच्या आत. मास्तर ओट्यावर उभा राहून मावळतीकडे बघायचा आणि आत ओरडायचा, ‘आटप वं, आटप! दिवस चालला!’ जणू सूर्याला खाली ओढायचं कामही यालाच नेमून दिलं होतं.

दसऱ्याच्या आगेमागे मांडवांचा सण. इस्राएल लोक अरण्यात खोपटांत राहिले, म्हणून यानं अंगणात पळसाच्या फांद्यांचं आणि कापसाच्या पऱ्हाटीचं खोपटं उभारलं आणि बायको-मुलीला घेऊन त्यात झोपायला लागला. पक्कं घर शेजारी रिकामं. आठवड्यात सगुणाबाईला हिवताप चढला. मी गोळ्या घेऊन गेले तर ती पऱ्हाटीच्या काड्यांत कुडकुडत पडलेली, आणि हा तिला अरण्यातल्या प्रवासाचं वर्णन वाचून दाखवतोय.

‘त्यायले बी मच्छर चावले असतीन ना वो?’ तिनं क्षीण आवाजात विचारलं.

‘तसं कुठं लिहून नाही,’ मास्तर म्हणाला.

त्या नवऱ्याला एक कानाखाली द्यावी, असं मला पहिल्यांदा तेव्हा वाटलं. शेवटचं नव्हे.

पुढे टेरिकॉट नवंनवं आलं. पोरं हौसेनं पँटचं कापड घेऊन आली. यानं ते दोन बोटांत चोळलं आणि परत केलं. का, तर दोन जातींच्या धाग्यांचं मिश्र वस्त्र बायबलातल्या नियमशास्त्रात मना आहे. कापसाच्या गावात, ज्या शिंप्याकडे लग्नसराईत रांग लागायची, त्याच्या दुकानात आता माश्या बसायच्या.

पण खरा तमाशा वल्हांडणाचा. चैत्री पुनवेच्या सुमारास त्याचा हा सण यायचा, इस्राएल लोक मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटले त्या रात्रीची आठवण म्हणून. त्याआधी घरातून सगळं खमीर, म्हणजे आंबवलेलं ते ते, बाहेर काढायचं. आता आमच्याकडे बारा महिने ज्वारीची भाकर. तिला खमीर कशाला लागतं? पण काहीतरी बाहेर टाकल्याशिवाय नियम पाळल्यासारखं वाटणार कसं? त्यानं सगुणाबाईचं आंबिलाचं मडकं अंगणात उपडं केलं. उन्हाळ्यात तेवढंच तिच्या पोटाला थंड असायचं. ती ओल्या मातीकडे बघत उभी राहिली, मग मडकं धुऊन पालथं घातलं.

चौकटीला कोकराचं रक्त लावायचं, म्हणजे त्या रात्री फिरणारा मृत्यू ते घर ओलांडून जातो, असंही पुस्तकात होतं. पहिल्या वर्षी यानं बकरं कापून कडुनिंबाच्या डहाळीनं दाराला रक्त लावलं. त्याच वेळी वामन गुरुजी शर्ट शिवायला टाकायला घरी आला. हा तरुण, मास्तरची पोरगी शिकली त्याच शाळेत शिक्षक. छप्पन सालानंतर त्याच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतला होता, घरातले शेंदराचे देव नदीत सोडले होते. तो दाराकडे बघतच राहिला.

‘काय मास्तर, आमी मरीमायले बकरं कापनं सोडलं, अन् तुमी कायले धरलं?’

आत शालिनी खुदकन हसली. बापानं वळून पाहिलं, तोवर ती गंभीर झाली होती. पण मी पाहिलं होतं, आणि वामननंही.

दुसऱ्या वर्षी बकरं परवडलं नाही. मास्तरनं चौकटीला गेरू लावला. मी विचारलं, ‘रक्ताऐवजी गेरू चालतो असं कुठं लिहिलंय?’ तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. माझी चहापत्ती तेवढीच वाचली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शालिनीनं आणि वामननं यवतमाळला जाऊन नोंदणीनं लग्न केलं. घरी कळलं तेव्हा मास्तरनं आरडाओरडा केला नाही. तो दुकानात गेला, तिच्यासाठी शिवत आणलेलं पोलकं उसवलं, आणि संध्याकाळी ओट्यावर येऊन जाहीर केलं, ‘ते मले मेली. देवानं परक्याशी सोयरीक करू नोको म्हटलं हाये.’

मला राहवलं नाही. ‘मास्तर, कोण परकं? तुमचा आजा आणि वामनचा आजा, दोघांनाही बोरी अरबला एकाच विहिरीवरून हाकलत होते. तुमच्या घरानं येशू धरला, त्याच्या घरानं बुद्ध. पाणी दोघांनाही तेव्हा मिळालं नव्हतं.’

त्यानं बोट वर केलं. मग ते मिटून घेतलं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि ते खरं आहे हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तो उठून आत गेला आणि सगुणाबाईला बजावलं, की त्या पोरीच्या घरी पाय ठेवायचा नाही.

मग सगुणाबाईचा गुडघा दुखायला लागला. गुडघ्यासाठी तिला दवाखान्यात यावंच लागे. त्याच वेळेला शालिनीचंही डोकं दुखे. मायलेकी माझ्या पट्ट्यांच्या कपाटाआड बसून बोलायच्या. मी बाहेर उभी राहून त्या निरोगी गुडघ्याची राखण करायची. पुढे शालिनीला दिवस गेले आणि आईचा गुडघा फारच बिघडला.

पुढचं वल्हांडण आलं. दिवेलागणीची वेळ. भिंतीपलीकडून मास्तरचा वाचनाचा आवाज येत होता. एवढ्यात वामन सायकल फेकूनच माझ्या अंगणात आला. शर्ट घामानं भिजलेला.

‘सिस्टर, चाला लवकर. शालूले कळा सुरू झाल्या. अजून वेळ होता, पण लय रक्त जाऊन राह्यलं.’

मी पिशवी उचलली. पलीकडचा वाचनाचा आवाज थांबला. मी अंगणात आले तेव्हा सगुणाबाई तिच्या दारात उभी होती. गेरूच्या चौकटीत, हाताला भाकरीचं पीठ.

‘काय झालं बाई?’

‘पोरगी अडलीय. मी चाललेय.’

तिनं पदरानं हात पुसले. आतून मास्तर म्हणाला, ‘सकाळ होईस्तोवर कोनी दाराभाईर जायाचं नाही. वल्हांडण हाये. लिहून हाये ते.’

ती वळली नाही. ‘अवो, पोरगी अडली हाये.’

‘आयकू आलं मले. देवानं मिसरात सांगतलं व्हतं, जो बाहेर जाईन तो...’

‘जो बाहेर जाईन तो मरन,’ ती म्हणाली. ‘अन् जे बाहेरच हाये ते?’

 कंदिलाच्या उजेडात मला तो दिसत होता. पाटावर बसलेला, कंबर कसलेली, हातात काठी, पायात वहाणा. प्रवासाला निघाल्यासारखं बसून हे जेवण जेवायचं, असंही लिहिलेलं असतं. तर हा असा निघायच्या तयारीत बसलेला, आणि उठायचं नाव नाही.

‘गेली त हे दार तुले बंद हाये, सगुणा.’

‘बरं,’ ती म्हणाली, आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला. अनवाणी. चपला आत राहिल्या होत्या, त्या घ्यायला ती मागे फिरली नाही.

त्या बाळंतपणाबद्दल फार सांगत नाही. शालिनी पांढरी पडली होती. माझ्या हातांना माझं काम ठाऊक होतं, पण तिला शुद्धीवर ठेवलं ते आईनं. तिचं डोकं मांडीवर घेऊन ती एकसारखी बोलत होती. लहानपणी तू चिंचा चोरल्या व्हत्या, आठवते काय? आंधोळीले कशी पळे, आठवते काय? बायबलातलं एक अक्षर नाही. मुलगी जन्मली ती निळी. मी तिला उलटी धरून पाठीवर चापट्या मारल्या, आणि ती रडली. मग वामन बाहेर भिंतीला टेकून रडला.

सकाळी सगुणाबाई मला घेऊन घरी गेली. नात झाल्याचं नवऱ्याला सांगायला आणि चपला घ्यायला. दाराला आतून कडी होती.

‘पोरगी सुटली वो. नात हाये.’

 मग दाराला तोंड लावून बोलल्यासारखा आवाज आला. ‘तू वल्हांडण मोडलं. शुद्धीचे दिस पुरे होतीन, तवा ये.’

मी दारावर लाथ मारायच्या बेतात होते. सगुणाबाईनं माझा हात धरला. ‘चाला बाई. शालूच्या अंगात ताप हाये.’ शुद्धीचे दिवस आले आणि गेले. ती परतली नाही. माझं जुनं लुगडं आणि वामननं आणलेल्या चपला, एवढ्यावर तिनं नवं आयुष्य सुरू केलं. शुक्रवारी संध्याकाळी ती आता नातीला घेऊन शालूच्या अंगणात नुसती बसायची. सूर्य आपला आपण मावळायचा.

मास्तर एकटा पडला. स्वयंपाक येत नव्हता. शनिवारी शुक्रवारची करपलेली भाकर चघळायचा. चहाला मात्र माझ्याकडे येईना. मी बोलावलंही नाही. तुम्हाला मी कठोर वाटेन, वाटू दे. ज्यानं देवाच्या नावानं दार लावून घेतलं, त्याला चहा द्यायला देव समर्थ होता.

वर्ष झालं तेव्हा तो दवाखान्यात आला. कागदात गुंडाळलेला लहानसा फ्रॉक टेबलावर ठेवला. पिवळ्या वायलचा, गळ्याला झालर.

‘तुमच्या इथं लय लेकरं येतात. कोनाले बी द्या.’

‘कोणालाही?’

‘कोनाले बी.’

मी तो सगुणाबाईला दिला. तिनं काजांवरून बोट फिरवलं आणि नातीला तो घातला. मापाला थोडा मोठा होता. त्यानंतर दरवर्षी एक फ्रॉक येऊ लागला. मूल त्यानं पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे माप सगळं अंदाजाचं. कधी घेर जास्त, कधी बाही आखूड. मला त्याची कीव आली नाही, रागच आला. चार गल्ल्या चालून जायचं धैर्य नाही, म्हणून हा माणूस सुईदोऱ्याच्या आड लपतोय. पण फ्रॉक मात्र मी प्रत्येक वेळी पोचवला.

नात शाळेत जायला लागली, त्या वर्षी मी शाळेत लस टोचायला गेले होते. सुट्टी झाली होती आणि मी फाटकाजवळच्या टेबलावर सुया आवरत होते. पटांगणाच्या फाटकाशी मास्तर उभा दिसला. केस पार पिकलेले. पोरी बाहेर पळत होत्या. त्याची नजर चेहऱ्यांवर नव्हती, कपड्यांवर होती. त्यानं तिला फ्रॉकवरून ओळखलं. खांदा ढळलेला होता, पोरगी तो सारखा वर ओढत होती.

तो पुढे झाला आणि तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. सदऱ्याच्या कॉलरखालून टाचणी काढली, खांद्याला चिमूट घेतली, टाचणीचं टोक आत वळवून बोचणार नाही अशी लावली. मग दोन्ही खांदे हातानं सरळ केले. हात तिथं जरा जास्त वेळ राहिले.

‘तुमी कोन?’ पोरीनं विचारलं.

मी हातातली सुई खाली ठेवली.

‘टेलर,’ तो म्हणाला.

ती उड्या मारत गेली.  फाटकाचा गज धरून त्याला उभं राहायला बराच वेळ लागला. मी मदतीला गेले नाही.

त्याच महिन्यात त्यानं मशीन विकलं. नागपूरकडे त्याच्यासारखे सण पाळणारी काही माणसं आहेत, असं कोणीतरी त्याला सांगितलं होतं. एका सकाळी तो ट्रंक घेऊन एसटीनं गेला. पुढे ती माणसं त्याला सापडली की नाही, सापडली तर पुरेशी नेमानं वागणारी निघाली की नाही, हे मला कधीच कळलं नाही.

मी दुपारी सगुणाबाईकडे गेले. ती सुपात डाळ निवडत होती.

‘मास्तर गेले. नागपूरच्या गाडीनं.’

तिचे हात थांबले नाहीत. दोन-तीन खडे तिनं वेचून बाजूला टाकले.

‘जेवून गेले काय?’ तिनं विचारलं.

मला ते माहीत नव्हतं.