म्हैस, ओटा आणि आप्पांची घरगाडी

आमच्या गॅरेजच्या मागे भंगार साचतं आणि पुढे किस्से. भंगारवाला अधूनमधून येऊन जातो. किस्से मात्र कुणी उचलत नाही, म्हणून आज थोडे तुमच्या दारात टाकतो.

शिरूरबाहेर नगर रोडला आमचे मालक बापू उसाच्या ट्रॉल्या बनवतात. मी त्यांचा ड्रायव्हर. एक दिवस तळेगाव ढमढेऱ्याचे आप्पा जुनी मिनीबस घेऊन आले. "हिचं घर करा. पलंग, किचन, संडास, समदं आत! मंडळीला समुद्र दावायचाय."

मंडळी म्हणजे काकी. गोठा सोडून त्या एक रात्रही कुठं राहिल्या नव्हत्या. समुद्र बघायची हौस मात्र लग्नाआधीपासूनची. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

*

बापूंनी दाराजवळची कंपनीची पट्टी दाखवली. "आप्पा, गाडी, सामान, पाणी, माणसं, समदं मिळून एवढंच वजन. वर गेलं की पासिंग न्हाई."

"कंपनीवाले भिऊन कमीच लिवत्यात!"

बापू पट्टीवरची धूळ पुसायला लागले. वाक्य त्यांचंच होतं! ट्रॉली विकताना ते प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगायचे. आप्पांनाही सांगितलं होतं.

*

काकींनी ओट्याला काळा ग्रॅनाइट मागितला. आप्पांनी टपावर भली मोठी पाण्याची टाकी.

"पाण्याचंबी वजन धरत्यात, आप्पा."

"पाणी काय, पिऊन संपंल!"

"पिऊन कुठं जाईल? पोट गाडीतच की!"

आप्पांनी थोडा विचार केला. "मग संडास कशाला लावलाय?"

"त्याची टाकीबी गाडीतच हाय!"

*

ओटा मागे, पलंग मागे, टाकी मागे. चढाला लागलो की माझ्या हातातलं स्टेअरिंग हलकं व्हायचं. बापूंनी लगेच उसाचा इलाज काढला. ट्रॅक्टरचं तोंड उचललं की पुढं माणसं बसवतात, तसे दोन वेल्डर पुढच्या गार्डवर बसवले! त्याच थाटात तळेगावच्या आठवडे बाजारातून गाडी काढली. भाजीवाला ओरडला, "आरं, नवरदेव कुठंय?"

आप्पांनी खिडकीतून हात काढला. "हितं हाय!"

काकी पदराआड हसत होत्या.

*

निघायची वेळ जवळ आली आणि काकींनी बाँब टाकला. "म्हशीला सोडून म्या यायची न्हाई. ती दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत न्हाई."

"मागं ट्रॉली जोडा," आप्पांनी ऑर्डर दिली.

बापूंनी डोक्याला हात लावला. "जोडतो. पण इंजिन घर वढंल न्हाईतर म्हैस! ट्रॉलीचंबी वजन पट्टीतच धरायचं, म्हणून आतला बोजा उतरवा. सांगा काकी, ओटा का म्हैस?"

काकींना क्षणही लागला नाही. "ओटा काढा."

ग्रॅनाइट निघाला, टाकी निघाली, पलंगाच्या जागी सतरंजी आली. माणसं आत, म्हैस मागच्या ट्रॉलीत, अशी वरात रस्त्यावरच्या वजनकाट्यावर नेली. तरी थोडं जास्तच भरलं! आता काढायला काही उरलंच नव्हतं. काकींचा चेहरा एवढासा झाला.

*

आप्पा मात्र खुशीत. "चला, साखर कारखान्याच्या काट्यावर! आयुष्यभर माझा ऊस कमी दावला त्यांनी. आज त्यांच्या चोरीचा फायदा घेऊ."

ह्या काटामारीवरून आप्पांनी दर हंगामात तिथं भांडण केलं होतं. मी गाडी, ट्रॉली, म्हैस, सगळं काट्यावर चढवलं. कुणी खाली उतरलं नाही. आकडे फिरले आणि थांबले.

वजन तेवढंच! किलोचाही फरक नाही.

इतकी वर्षं काटा खरा होता, हे आप्पांना कोण सांगणार? आप्पांची कानशिलं लाल झाली. "बगितलं? म्या येणार हे कळलं म्हणून आजच काटा नीट केलाय!" असं म्हणत ते दार उघडून खाली उतरले आणि तरातरा केबिनमधल्या काटेवाल्याकडे भांडायला निघाले.

इकडे आकडा हलला. खाली आला. बापूंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बरोब्बर पट्टीवरच्या वजनाच्या आत!

काकींनी आकड्याकडे पाहिलं, मागं म्हशीकडे पाहिलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक मारली,

"अहो, तुम्ही खालीच थांबा! बाकीच्या जनावरांकडं बघा. आम्ही समुद्र बघून येतो."